मीठ-गोमूत्राचं 'देशी तणनाशक': एकेक दावा बघू

पाऊस पडला, पेरण्या झाल्या की हा फॉरवर्ड परत ग्रुपवर फिरायला लागतो. १५ लिटरच्या पंपात २ किलो मीठ, १ लिटर गोमूत्र, शाम्पूच्या दोन पुड्या, दर १५ दिवसांनी मारा. तण मुळासकट जळतं, पिकाला काही होत नाही, जमीन खराब होत नाही आणि खुरपणी कायमची बंद. सोबत पिवळ्या पडलेल्या गवताचा व्हिडिओ.

'मुळासकट जळतं' म्हणे. व्हिडिओ कधीचा असतो बघा, फवारल्यावर दोन-तीन दिवसांचा. मीठ पानातलं पाणी ओढून घेतं म्हणून पान करपतं, आणि अगदी कोवळं तण मरेलही, पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीने लागलेल्या असतात, हराळीच्या कांड्याही आतच, त्यांना वरचं पान गेल्याचं काय सोयरसुतक? परत फुटतात. लव्हाळ्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वर काढणं, उन्हात तापवणं, वेचणं हेच चालतं, आणि तेही एका वर्षात संपत नाही.

पिकाला काही होत नाही, हे तर धडधडीत खोटं. सोयाबीनवर इमॅझेथापायर हे तणनाशक चालतं कारण सोयाबीन ते स्वतःच्या आत मोडून टाकू शकतं, कोवळ्या तणाला ते जमत नाही. (तेच कपाशीवर मारलंत तर कपाशी गेली.) मिठाला पीक कुठलं न् तण कुठलं काय कळणार, जिथे पडेल तिथलं पान करपणार.

आता जमिनीचं. एकदा मीठ मारलं म्हणून रान मरत नाही, एकरी १० पंप धरले तर २० किलो मीठ होतं, भारी पावसात बरंचसं धुऊन जाईल. पण फॉरवर्डच सांगतो दर १५ दिवसांनी मारा, म्हणजे पाच फवारण्यांत एकरी १०० किलो! काळ्या रानात सोडियम वाढला की माती फुटून बारीक होते, पाणी जिरत नाही, वाळली की दगड. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठची क्षारपड रानं बघितलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, तिथे लोक निचऱ्यासाठी पाइप गाडतायत आणि आपण पैसे देऊन मीठ टाकायचं? कंपनीच्या तणनाशकाचा अंशही कधीकधी पुढच्या पिकाला त्रास देतो, ते मान्य, लेबल वाचूनच घ्या. पण तो निदान हळूहळू मोडतो, सोडियम मोडत नाही.

आणि खुरपणी बंद? ती कुठल्याच औषधाने पूर्ण बंद होत नाही. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तण सांभाळलं की पुढे पीक स्वतःच सावली करून दाबतं. पेरणीनंतर ४८ तासांत, जमिनीत ओल असताना पेंडिमिथॅलिन (तण उगवायच्या आधी मारायचं तणनाशक), मग १५-२० दिवसांनी कोळपं, तुमच्याकडे डवरणी म्हणत असाल, त्याने ओळीमधलं तण जातं, भेगा बुजतात, ओल टिकते. ओळीतलं राहतं ते हाताने. झड लागून कोळपं चालत नसेल तरच उगवणीनंतरचं तणनाशक, तेही तण दोन-चार पानांवर असताना, नंतर मारून पैसे वाया. नुसत्या औषधावर राहिलं तर काय होतं ते पंजाब-हरियाणात दिसलं, गव्हात वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारून १९९० च्या दशकात गुल्ली डंडा नावाचं तण त्याला दाद देईनासं झालं.

बाकी मिठाची एक शिफारस खरंच आहे. पडीक जागेतल्या गाजरगवतावर, फुलायच्या आधी, १५-२० टक्के मिठाचं पाणी. हा फॉरवर्ड बहुतेक तिथूनच निघून कोणीतरी पिकात घुसवलाय. पडीकात मारायचं तर मारा, फक्त वारं पिकाकडे असेल तेव्हा पंप घरी ठेवा.