परकं म्हणून नव्हे, ताई

ताई, नमस्कार. साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यावरच्या (फर्नवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मिरची-बटाटा परदेशातून आला तो आपण आवडीने खातो, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुळातल्या नाजूक नेच्याला मात्र परका म्हणून हाकलतो. शिवाय त्यावर परदेशी भुंगा सोडणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. दोन दिवस हे मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ब्रॅकन आणि डायक्रॅनोप्टेरिस हे नेचे मी साल्व्हिनियाच्या पंगतीला बसवले, ती माझी चूक. ते आपल्याकडचेच. रस्त्यासाठी डोंगर कापला, रान पेटवलं की उघड्या जमिनीवर ते पसरतात, आणि डायक्रॅनोप्टेरिस तर ढासळती माती धरून ठेवतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

साल्व्हिनियाबद्दल मात्र मी ठाम आहे. आमच्या सोसायटीतल्या कमळाच्या टाक्यात जूनमध्ये कुणीतरी घरचा फिशटँक रिकामा केला. त्यातून मूठभर रोपं आली असतील. दिवाळीपर्यंत पाणी दिसेनासं झालं. एक रोप उचलून भिंगाखाली धरलं. पानावर केसांच्या रांगा, चार-चार केस टोकाशी जुळलेले, ताकाच्या रवीसारखे. थेंब टाकला तर पान न भिजता घरंगळून गेला. तिसरं पान पाण्याखाली, तपकिरी, मुळांसारखं लोंबणारं. थर बाजूला केला तर खाली काळं, कुजकट पाणी आणि मेलेले गप्पी मासे. (मुळा-मुठेत जांभळ्या फुलांची दिसते ती जलपर्णी. ती सपुष्प वनस्पती आहे, नेचा नव्हे.)

बटाटा आपण लावला तर उगवतो. याला लावावं लागत नाही. गुणसूत्रांचे पाच संच असल्याने याचे बीजाणू वांझ असतात, पण तुटलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. मूळचा हा आग्नेय ब्राझीलचा. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, म्हणजे ठपकाही भलत्याच खंडावर! देश कुठला याने मला खरंच फरक पडत नाही. त्याला खाणारं कुणी सोबत आलं नाही, अडचण एवढीच आहे.

आता भुंगा. तुमची भीती रास्त आहे, कारण सुरुवातीला खरोखरच चूक झाली होती. हा नेचा बरीच वर्षं साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजला जात होता. त्यामुळे कीटकही त्या दुसऱ्या जातीवरून गोळा केले, ठिकठिकाणी सोडले, आणि फारसा उपयोग झाला नाही. 1972 मध्ये याला साल्व्हिनिया मोलेस्टा असं वेगळं नाव मिळालं. पुढे ब्राझीलमध्ये त्याचं मूळ ठिकाण सापडलं आणि तिथेच त्याच्यावर जगणारा दोनेक मिलिमीटरचा भुंगाही. 1980 साली तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला. साधारण सव्वा वर्षात तलाव मोकळा झाला. मग लक्षात आलं की भुंगाही वेगळ्याच जातीचा आहे. 1985 मध्ये त्याला सिर्टोबॅगस साल्व्हिनिये हे नाव मिळालं. त्याआधीच, 1983 मध्ये, तो बंगळुरात आणि मग केरळात सोडला गेला होता. हा भुंगा कळ्या खातो, अळी खोड पोखरते, आणि साल्व्हिनिया संपला की त्याचीही संख्या घटते. भात-भाजीकडे तो वळत नाही, आणि हे सोडण्याआधी तपासलेलं असतं. मी कुठलाही परदेशी कीटक उठून सोडा म्हणत नाहीये. नेमका कोणता, हे ओळखायला तज्ज्ञांनाही इतकी वर्षं लागली.

आमच्या टाक्यासाठी भुंग्याची गरज पडली नाही. तीन रविवार आम्ही सहा जणांनी चाळण्यांनी उपसलं, गच्चीवर कडकडीत वाळवलं आणि मगच खतात घातलं. नाल्यात टाकलं असतं तर ते थेट नदीला लागलं असतं. एक रोप बरणीत झाकण लावून ठेवलंय. तुम्ही पाषाणलाच राहता असं लिहिलंत, तर एखाद्या सकाळी या. भिंग आहे माझ्याकडे. ते केस तुम्हाला दाखवायचेत.