परदेशातून : पिकअपचा चेहरा आणि समोरचा माणूस

पुण्या-नाशकात मोठ्या गाड्यांवरून जो वाद चालतो, त्याच्या दोन्ही बाजू आता पाठ झाल्यासारख्या आहेत. एक बाजू म्हणते, खड्डे, गतिरोधक आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते पाहता उंच, दणकट गाडीच हवी. दुसरी म्हणते, ही सगळी रस्त्यावरची दादागिरी आहे. मधल्या मधे यूट्यूबवरचे परीक्षक 'रोड प्रेझेन्स'ला, म्हणजे रस्त्यावर गाडी किती उठून दिसते त्याला, इंजिनाइतकेच महत्त्व देऊन मोकळे होतात. मिशिगनमध्ये, म्हणजे जिथे अमेरिकन पिकअपचे चेहरे रेखाटले जातात तिथे बसून हा वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकते. सगळे गाडीच्या उंचीबद्दल बोलतात, पण नेमकी कुठली उंची ते कुणी सांगत नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर, ही एक उंची, बॉनेटच्या पुढच्या कडेची उंची ही वेगळी. खड्ड्यांना पहिली लागते. दुसरी बऱ्याच अंशी चेहऱ्यासाठी वाढवली जाते, आणि ती वाढवत नेली की काय होते, हे अमेरिकेत तीस वर्षे दिसते आहे.

सुरुवात साधारण १९९४ च्या डॉज रॅमपासून धरायला हरकत नाही. तोवर फोर्ड, शेव्हरोले आणि डॉज या तिघांच्याही पिकअप खोक्यासारख्या, सरळ रेषांच्या होत्या. त्यात डॉजचा बाजारातला वाटा सर्वांत लहान, त्यामुळे गमावण्यासारखे कमी. त्यांनी मालवाहू ट्रेलर ओढणाऱ्या महाकाय ट्रकचा चेहरा उचलला: मधे उंच बॉनेट, दोन्ही बाजूंना त्याहून खाली उतरलेले मडगार्ड, समोर उभी जाळी. काही लोकांना ती अजिबात आवडली नाही, काहींनी लगेच पैसे काढले, आणि विक्री बघता बघता दुपटीच्या पुढे गेली. डिझाइन म्हणून तो चेहरा मला आजही आवडतो. मडगार्ड खाली असल्याने कोपऱ्यांवरचे थोडे दिसायचे तरी. पुढच्या पिढ्यांमध्ये मडगार्ड वर चढत बॉनेटला येऊन मिळाले आणि राहिली ती नुसती भिंत.

कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२१ मध्ये मोजमाप मांडले: २००० पासून अमेरिकन पिकअपच्या बॉनेटची उंची सरासरी किमान ११ टक्क्यांनी वाढली, आणि २००० ते २०१८ या काळात पिकअपचे वजन २४ टक्क्यांनी. त्यांनी मोजलेल्या फोर्ड एफ-२५० चे बॉनेट जमिनीपासून ५५ इंचांवर होते, म्हणजे १४० सेंटिमीटर. काही सेडान गाड्यांचे छतच तेवढ्या उंचीवर असते. जनरल मोटर्सची (जीएम) २०२० ची जीएमसी सिएरा एचडी पिकअप आली तेव्हा तिच्या डिझाइन चमूतल्या एकाने मुलाखतीत सरळ सांगितले होते की, समोर उभ्या माणसाला ही गाडी आपल्या अंगावर येते आहे असे वाटावे, यासाठी आम्ही खपलो. समोरच्याला धाक बसावा, हे कामाच्या यादीतच होते.

यावर ठरलेले उत्तर असते ते थंडाव्याचे. सहा टन वजनाचा ट्रेलर घाटात ओढायचा तर मोठा रेडिएटर, इंटरकूलर, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, एसीचा कंडेन्सर, हे सगळे हवेच्या झोतात बसवावे लागते. हे खरे आहे, आणि हेवी ड्युटी डिझेल गाड्यांत तर अगदीच खरे. पण जाळीजवळ वाकून पाहिले की कळते, तिच्यातला बराच भाग बंद असतो. मागे भोक नसलेले काळे प्लास्टिक आणि पुढे क्रोमची नक्षी. शिवाय अनेक पिकअपमध्ये जाळीमागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असतात. हायवेवर रिकामी गाडी एका वेगाने चालली की त्या बंद होतात, कारण आत घुसणारी हवा गाडीला मागे ओढते आणि पेट्रोल जाळते. म्हणजे बहुतेक मालकांच्या बहुतेक प्रवासात त्या भल्यामोठ्या जाळीला बंद राहणेच परवडते. फोर्डच्या बॅटरीवरच्या एफ-१५० लाइटनिंगने तर हा युक्तिवाद पुरता उघडा पाडला. समोर इंजिन नाही, त्या जागी ४०० लिटरची डिकी, आणि तरी बॉनेट पेट्रोलच्या गाडीइतकेच उंच. इंजिन गेले तरी चेहरा हलला नाही.

आता मागे येऊ, कारण पिकअपची खरी ओळख हौद्यात असते. अमेरिकेत प्लायवूडची शीट ४ बाय ८ फुटांची. एकेकाळी ८ फुटी हौदा सर्रास मिळायचा. आज सर्वाधिक दिसते ती चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा. प्लायवूड न्यायचे तर फाळका पाडून, माल बाहेर काढून, टोकाला लाल फडके बांधून. हौद्याच्या कडाही बॉनेटच्या रेषेशी जुळवायला वर नेल्या. बाजूला उभे राहून हात घातला तर सरासरी उंचीच्या माणसाचा हात तळाला पोचत नाही. मग कंपन्यांनी त्यावर उपाय विकायला काढले: फोर्डने फाळक्यातून बाहेर येणारी पायरी दिली, जीएमने मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत पाय ठेवायला खाच केली, पुढे अनेक तऱ्हांनी दुमडणारे फाळके आले. हे फाळके जड असतात, त्यांत मोटर, तारा आणि बिजागऱ्या असतात, आणि ट्रेलरचा हुक तसाच ठेवून फाळका पाडला की त्यावर आपटून पोचा येतो. कड खाली ठेवली असती तर यातल्या निम्म्या गोष्टींची गरजच नव्हती.

इथे घरचा दाखला द्यायलाच हवा. आपल्याकडे पिकअप म्हटले की डोळ्यांसमोर येते ती बोलेरो पिकअप. तिच्या एका प्रकाराची भारवहन क्षमता १,७०० किलो, आणि मॅक्स एचडी २.० ची २,००० किलो, ३,०५० मिलिमीटर लांबीच्या हौद्यासह. एफ-१५० पावणेसहा मीटरहून लांब असूनही तिची कमाल क्षमता साधारण १,१०० किलो. सजवलेल्या, महागड्या प्रकारांत ती आणखी घटते, कारण काचेचे छत, मोठी चाके आणि विजेच्या सीटही त्याच हिशेबात मोजल्या जातात. ट्रेलर ओढण्यात एफ-१५० कितीतरी पुढे आहे, वेगात आणि टकरीत आतल्यांना वाचवण्यातही. पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्याला किती उठते एवढेच विचारायचे असते, आणि त्या प्रश्नाला उंच नाक हे उत्तर नाही.

रुंदीचा एक तपशील फार बोलका आहे. अमेरिकन नियमानुसार गाडी ८० इंच किंवा त्याहून रुंद असेल, तर पुढे मधोमध तीन आणि कडांना दोन नारिंगी दिवे लावावे लागतात. म्हणून साधी एफ-१५० ७९.९ इंचांवर थांबते, आणि तिची रुंद बहीण रॅप्टर जाळीत तीन नारिंगी दिवे मिरवते. नियमाने लादलेला धोक्याचा इशारा हळूहळू दागिना झाला. आता आपल्याकडेही ॲक्सेसरीच्या दुकानांत थार आणि फॉर्च्युनरसाठी तसल्या दिव्यांच्या जाळ्या मिळतात.

समोरच्या माणसाचे काय होते, हा या लेखाचा गाभा आहे. बॉनेट खाली असेल तर धडक पायाला बसते, शरीर बॉनेटवर लोळते आणि पत्रा दबून थोडा मार खातो. कड उंच आणि सरळ असेल तर धडक थेट कमरेला किंवा छातीला बसते, माणूस पुढे फेकला जातो आणि गाडी त्याच्यावर येते. लहान मुलाच्या बाबतीत ती कड डोक्याच्याही वर असते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांपेक्षा (१०२ सेंमी) उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच (७६ सेंमी) किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. ३० ते ४० इंचांच्या मधे आकार महत्त्वाचा ठरतो: उतार असेल तर बचाव, सपाट भिंत असेल तर धोका. ४० च्या वर गेले की उतार देऊनही फरक पडत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी मेले, २०२२ मध्ये साडेसात हजार. या वाढीचा सगळा दोष पिकअपला देता येणार नाही. रुंद रस्ते, अंधार, वेग, फोन हेही आहेत. पण बॉनेटचा वाटा आता नाकारता येत नाही.

दिव्यांचेही तसेच. अमेरिकन नियम हेडलाइट ५४ इंचांपर्यंत (१३७ सेंमी) लावू देतो, तर युरोपच्या नियमात मर्यादा १२० सेंमी आहे. अमेरिकेत रस्ते आखताना कारचालकाचे डोळे १.०८ मीटरवर धरतात. एवढ्या वर बसवलेला एलईडी दिवा अगदी नीट जुळवलेला असला, तरी मागून जवळ आल्यावर पुढच्या सेडानचा आरसा पांढरा करतो.

आणि कायदा? १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातशुल्क आहे, त्यामुळे लहान, नीटनेटक्या पिकअप बाहेरून क्वचितच येतात. इंधनाचा दंडक चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून गाडी मोठी केली की तो सैल होतो. पण २०१८ ते २०२० मध्ये घडलेले एक प्रकरण मला जास्त झोंबते. महिंद्राने मिशिगनमध्ये बनवलेल्या रॉक्सर या छोट्या ऑफ-रोड गाडीचा चेहरा जीपसारखा दिसतो, अशी फियाट क्रायस्लरची तक्रार होती. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून २०२० मध्ये महिंद्राच्या विरोधात निकाल दिला, महिंद्राने जाळी आणि पुढचा भाग बदलला, आणि डिसेंबरमध्ये नव्या रूपाला मान्यता मिळाली. चेहरा कुणाच्या मालकीचा, यावर एवढी बारकाईने चिकित्सा झाली. तोच चेहरा माणसावर आदळला तर काय होते, याबद्दल त्या देशात तोवर एकही बंधनकारक चाचणी नव्हती. रस्ते सुरक्षा प्रशासनाने तसा प्रस्ताव मांडला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि त्यातही डोके बॉनेटवर आपटण्याचीच चाचणी आहे. पुढच्या भिंतीच्या उंचीला हात लावलेला नाही.

या बाबतीत भारत मागे नाही, हे घरच्या चर्चेत विसरले जाते. पादचारी संरक्षणाचा एआयएस-१०० हा मानक आपल्याकडे आधीच आहे, आणि गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर त्याची पूर्तता लागते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाडीच्या पुढे बसवलेले बुल बार बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. कारण पक्के होते: चासीला बोल्ट केलेला पोलादी दांडा चुरगळायला ठेवलेल्या पत्र्याला वळसा घालून धक्का थेट सांगाड्यात नेतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडते, आणि समोरच्या माणसाचे हाड त्या दांड्यावर मोडते. तरीही महाराष्ट्रात बुल बार दिसतात, तो अंमलबजावणीचा दोष. पण बुल बार काढायला लावून कारखान्यातूनच तेवढे उंच, तेवढे सपाट नाक येऊ द्यायचे, यात काही अर्थ नाही. २०२२ मध्ये आपल्या रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले, आणि आपल्याकडे पादचारी फुटपाथवर नसतो, गाडीच्या पुढ्यातच असतो. अशा देशाला डेट्रॉइटचा रुबाब परवडणारा नाही.

गाडी घ्यायला जाणाऱ्याने शोरूममध्ये टेप न्यावा. सपाट फरशीवर, बॉनेटच्या मधोमध, जिथे उभा पुढा वळून आडवा होऊ लागतो तिथपासून जमिनीपर्यंत मोजावे. ७६ सेंमीच्या आसपास असेल तर उत्तम, १०२ च्या वर असेल तर दुसरी गाडी पाहावी, मधे असेल तर बाजूने उतार पाहावा. मग सीट नेहमीच्या उंचीवर ठेवून बसावे. सगळ्यांत वर केली तर मोजमाप फसते. बंपरसमोर कुणाला तरी ९० सेंमीची काठी उभी धरायला सांगावी, म्हणजे तीनेक वर्षांच्या मुलाची उंची, आणि तिचे टोक दिसेपर्यंत मागे सरकायला लावावे. बंपरपासूनचे ते अंतर लिहून घ्यावे. हेच डाव्या कोपऱ्यावर पुन्हा करावे, तिथे अंतर हमखास वाढते. पुढचा कॅमेरा आहे म्हणून हे टाळू नये. तो बहुधा कमी वेगातच चालतो आणि पावसाळ्यात चिखलाने आंधळा होतो. मागे माल किंवा माणसे भरली की पुढा वर उचलतो, तेव्हा हेडलाइट खाली करणारे चाक शून्यावरून पुढे फिरवावे. ते कुठे आहे हेही पुष्कळांना माहीत नसते. दोन इंची लिफ्ट किट लावणाऱ्याने लक्षात ठेवावे की दिवे आणि बॉनेट दोन्ही तेवढेच वर जातात, आणि मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही.

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये स्कॉर्पिओ-एनच्या पायावर बेतलेली ग्लोबल पिकअप संकल्पना म्हणून दाखवली. तिचे किंवा तिच्यासारख्या गाडीचे माहितीपत्रक निघेल तेव्हा त्यात लांबी, रुंदी, ग्राउंड क्लिअरन्स आणि पाण्यातून जाण्याची खोली असेलच. त्याच तक्त्यात आणखी दोन ओळी छापाव्यात: बॉनेटच्या पुढच्या कडेची उंची, आणि ९० सेंमीची वस्तू बंपरपासून किती अंतरावर दिसू लागते ते अंतर.