एक छोटासा प्रश्न होता

त्या दिवसांत माझ्या कॉम्प्युटरच्या मते रोजच 1 जानेवारी 2009 असायची. सकाळी चालू केला की स्वारी थेट त्या साली जाऊन बसायची. त्यालाही माझी हरकत नव्हती. 2009 साली मी बरा दिसायचो. पण ब्राउझर उघडला की एकही साइट मला दारात उभं करेना. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि 2009 मध्ये बसलेल्या माणसाच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. मग आधी हाताने तारीख लावायची, मग जगाशी संबंध. दोन आठवडे हा नेम चालला.

"आमच्या क्लबात आण. दोन मिनिटांचं काम," मित्र म्हणाला. दोन मिनिटं हे माप त्याने नेमकं कुठल्या घड्याळावर मोजलं होतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

हौशी कॉम्प्युटरवाल्यांची बैठक महिन्यातून एकदा भरते. मी धापा टाकत आत गेलो, ओझं टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "एक छोटासा प्रश्न होता. सीपीयू घेऊन आलोय."

खोलीत शांतता पसरली.

"हा सीपीयू नाही," दाढीवाले गृहस्थ अत्यंत सौम्यपणे म्हणाले. अपघाताची बातमी घरच्यांना सांगतात ना, तो सूर. "हे कॅबिनेट. सीपीयू आत असतो, काडेपेटीएवढा."

"पण सगळे यालाच सीपीयू म्हणतात," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण! त्यावर वीस मिनिटं गेली. सगळे म्हणतात म्हणून शब्द बरोबर होतो की नाही, यावर खोलीत दोन तट पडले, आणि माझी बाजू घेणारा तट जास्त भांडखोर निघाला.

शेवटी मी तारखेचं सांगितलं. 'तारीख' हा शब्द ऐकताच खिडकीजवळचे चष्मेवाले ताठ बसले. "तारखेचं काय घेऊन बसलात? खरी गंमत 19 जानेवारी 2038 ला आहे." जुन्या प्रणाल्या म्हणे 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजत आल्या आहेत आणि 32 बिटांच्या खणात 2,14,74,83,647 च सेकंद मावतात. त्या दिवशी ग्रीनिचच्या वेळेनुसार पहाटे 3 वाजून 14 मिनिटं 7 सेकंदांनी खण भरणार आणि पुढच्या सेकंदाला अशी यंत्रं 13 डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडणार. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद होता. माझं 2009 एकदम किरकोळ वाटायला लागलं.

"विंडोज आहे ना? लिनक्स टाका," मागून आवाज आला. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. माझी कमरही दुखते असं म्हणालो असतो, तरी या गृहस्थांनी हेच औषध दिलं असतं. लिनक्स टाकल्याने तारीख टिकेल का, असं मी विचारलं. "तारखेचं सांगता येत नाही," ते म्हणाले, "पण मन शांत होतं." मग कुठलं लिनक्स, यावर त्या शांत मनाच्या माणसांत जी जुंपली! त्यातून गाडी घसरली ती व्हीआय आणि ईमॅक्सवर. दोन्ही मजकूर लिहायची साधनं, दोघांचाही जन्म 1976 चा, आणि भाऊबंदकी तेव्हापासूनची. व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं हेच नवख्याला कळत नाही, असा ईमॅक्सवाल्यांचा टोमणा असतो. या खोलीतून बाहेर कसं पडायचं, ते मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नव्हतं.

तेवढ्यात एकाने माझ्यापुढे कीबोर्ड सरकवला. "दाबून बघा." मी दाबलं. टक्. "आता हा." टिक्. "फरक कळला?" मी मान डोलावली. गाण्यातलं काही कळत नसताना मैफलीत डोलावतो तशी.

दाढीवाले मग इतिहासात शिरले. असल्या क्लबांचा मूळपुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातला होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पहिली बैठक 5 मार्च 1975 ला, मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात. निमित्त अल्टेअर 8800 नावाच्या छोट्या कॉम्प्युटरचं, आणि जमलेल्यांत पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियॅक. त्या यंत्राची मूळ मेमरी 256 बाइट. कॉम्प्युटरात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, 3 बाइट घेतं. म्हणजे त्यात 85 चिन्हं मावतील. मी मनातल्या मनात माझी तक्रार त्यात बसवून पाहिली. बसत होती. 1975 साली गेलो असतो तर निदान प्रश्न तरी पुरा झाला असता.

दीड तास उलटला होता. कोपऱ्यात एक कॉलेजातली मुलगी इतका वेळ गप्प बसून डाग देत होती. सोल्डरिंगचा धूर तिच्या डोक्यावरून वर जात होता. ती उठली, माझ्या कॅबिनेटची बाजूची पत्री काढली, आत एक फुंकर मारली. 2009 पासूनची धूळ उडाली असावी. मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी चकचकीत चकती तिने नखाने उचकटली आणि मल्टिमीटर लावला. "3 व्होल्ट हवेत, 2 सुद्धा नाहीत. सेल गेलाय." खिशातून तसलाच नवा काढून बसवला. सीआर 2032. हा म्हणे वजनकाट्यातही असतो. तारीख लावली, वायर काढली, पुन्हा जोडली. तारीख जागच्या जागी.

दोन मिनिटंच लागली. मित्र अगदीच खोटं बोलला नव्हता.

"काका," ती म्हणाली (ते एक लागलं), "रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का?"

"रोज. न चुकता," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हणूनच. बटण चालू असेल तर घड्याळ भिंतीच्या विजेवर चालतं. तुम्ही बंद केलं की सगळा भार सेलवर."

"म्हणजे चालूच ठेवायचं?" चष्मेवाले उसळले. "आणि रात्रभर वीज फुकट घालवायची?"

"किती घालवते हो? अर्धा वॅट!"

"अर्धा? मोजलाय?"

कोणीतरी फळा ओढला. मी कॅबिनेट काखोटीला मारून निघालो तेव्हा फळ्यावर वर्षाच्या तासांना वॅटने गुणणं चाललं होतं आणि हातचा किती, यावर वाद होता.

रात्री कॉम्प्युटर बंद केला. सवयीने हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. निकाल पुढच्या महिन्याच्या बैठकीत लागणार होता.