रडला नाही म्हणजे दुःख दाबलं, असं नाही

“जो रडत नाही त्याचं दुःख आत साचतं आणि पुढे कधीतरी फुटतं. त्याला रडवा. रडून मोकळा झाला की तो सावरतो. दुःख बाजूला ठेवणं म्हणजे पळ काढणं.” हा मजकूर सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांना काळजी असते, हे मला मान्य आहे. पण जवळचं माणूस गेलेल्यावर यामुळे आणखी एक ओझं पडतं: आपण नीट दुःखही करत नाही की काय?

आधी ‘पुढे फुटतं’ याबद्दल. वर्टमन आणि सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली ही समजूत तपासली, तेव्हा तिला भक्कम आधार मिळाला नाही. सुरुवातीला शांत राहिलेली बरीच माणसं पुढेही ठीक असतात.

त्याला रडवायचं? नको. केल्टनर आणि बोनानो या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या अभ्यासात, गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना मनापासून हसू आलेले लोक अधिक सावरलेले दिसले.

‘रडून मोकळा झाला की सावरतो’ हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. महिनोन्‌महिने न ओसरणाऱ्या, गुंतागुंतीच्या शोकात माणूस रोज रडत असतो, तरी जागचा हलत नाही. “मी तिला लवकर डॉक्टरांकडे नेलं असतं तर?” हा प्रश्न तो हजारदा घोळवतो. बाहेरून वाटतं, हा दुःखाला भिडतोय. पण त्या ‘तर’मध्ये अडकून राहिलं की ‘ती गेली’ एवढं साधं वाक्य टाळता येतं. तिची खोली बंद, फोटो उलटा, तो रस्ता वर्ज्य. अश्रू भरपूर, आणि टाळणंही तेवढंच.

मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या सोळा सत्रांच्या उपचारात नेमकं या टाळण्यावर काम होतं. डोळे मिटून, मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. २००५ च्या चाचणीत याचा ५१ टक्के लोकांना गुण आला, तुलनेसाठी दिलेल्या आंतरव्यक्ती मानसोपचाराचा (यात नातेसंबंधांवर भर असतो) २८ टक्क्यांना.

आणि ‘बाजूला ठेवणं म्हणजे पळ काढणं’? याच उपचारात तो प्रसंग सांगून झाला की थेरपिस्ट म्हणतात, आता ही टेप मनातल्या मनात गुंडाळून ठेवा आणि आज स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी करा.