येताना एक आयफोन आण

२०२५च्या भाऊबीजेच्या दिवशी भल्या पहाटे दाजींनी घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. आयफोन एअरला म्हणावं तसं गिऱ्हाईक नाही, ॲपल त्याचं उत्पादन कमी करतेय, अशी. खाली त्यांची टिप्पणी : 'संपली क्रेझ. आम्ही कधीपासून सांगतोय.'

कधीपासून सांगतायत हे खरंच आहे. दर दिवाळीला सांगतात. दाजी पाचला उठतात, म्हणजे आमच्याकडे जपानात तेव्हा साडेआठ. मी टोकियोच्या तोझाई लाइनच्या मेट्रोत दाराला चिकटून उभा होतो. निशिकासाईपासून ओतेमाची येईपर्यंत तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. शेवटी हात जोडलेला इमोजी टाकला. पण डोकं दिवसभर तिथेच.

त्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. ॲपलनं स्वतः जे आकडे दिले, त्यांत सगळ्यात जास्त आयफोन खपले ते २०१५च्या आर्थिक वर्षात, २३ कोटी १० लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी आकडा पहिल्यांदा खाली आला. आणि नोव्हेंबर २०१८मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की यापुढे किती फोन विकले ते आम्ही जाहीरच करणार नाही. तेव्हापासून मागणी वाढली, मागणी घटली म्हणून जे छापून येतं ते बाहेरच्या संस्थांचे अंदाज, नाहीतर सुटे भाग पुरवणाऱ्यांकडून झिरपलेली कुजबुज.

दाजींनी उभा जन्म साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढला. उसाच्या एफआरपीवर बोलायला लागले की ऐकत बसावं. त्यांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं असतं : कारखान्यानं उद्या गाळप किती टन झालं ते सांगायचं बंद केलं, आणि साखरेचे पैसे किती आले एवढंच वार्षिक सभेत वाचून दाखवलं, तर तुम्ही काय म्हणाल? काहीतरी झाकताहेत, असंच म्हणाल. आणि ते चूक नसेल. पण साखरेचे पैसे वाढलेले दिसत असताना 'कारखाना बुडाला' असं तरी म्हणाल का? आयफोनचे पैसे २०२२मध्ये २०५ अब्ज डॉलर आले, नंतरची दोन वर्षं २०० आणि २०१. हे लिहीपर्यंत २०२५चाही आकडा आला, २०९. चढण संपली आणि पठार लागलं, इतपत म्हणता येईल. दरी कुठे दिसत नाही.

शिवाय त्यांची बातमी एअर या एका सडपातळ मॉडेलची होती. १७ नंबरचा फोन बाजारात आला त्या दिवशी, १९ सप्टेंबरला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाबाहेर रांगेत धक्काबुक्की झाली. तो व्हिडिओसुद्धा दाजींनीच टाकला होता, 'ही बघा आजची पिढी' म्हणून. म्हणजे मागणी असली तर पिढी वाया गेली, आणि नसली तर आम्ही सांगतच होतो.

मला खरा राग येतो तो 'ही बघा आजची पिढी' या वाक्याचा. तिकडे आयफोनवरची चर्चा फोनवर कधी होतच नाही. ती होते पोरांच्या चारित्र्यावर. किडनी विकण्याचे तेच ते विनोद, पगार किती आणि फोन केवढ्याचा, आणि शेवटी 'आमचा चौदा हजारांचा बघ, सगळं येतं त्यात'. इकडे माझ्या टीममधले सातो-सान पाच वर्षं आयफोन एसई वापरताहेत, खाली गोल बटण असलेला. २०२५च्या फेब्रुवारीत आयफोन १६ई आला आणि तो बटणवाला फोन ॲपलनं विकायचा बंद केला, तेव्हा ते दोन दिवस खरोखर खिन्न होते. आता यांचं काय मोजायचं? पाच वर्षांत त्यांनी एकही फोन घेतला नाही. मागणीच्या तक्त्यात सातो-सान शून्य आहेत. पण सकाळी रेल्वेचं सुइका कार्ड त्याच फोनमध्ये, कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, कॉफीचे पैसे त्याच फोननं, भूकंपाचा इशारा त्याच फोनवर. फोन सोडायचा तर आयुष्यच पुन्हा मांडावं लागेल.

हे ॲपललाही ठाऊक आहे. २०१७च्या शेवटी, बॅटरी जुनी झाली की आपण फोन मुद्दाम संथ करतो, हे कंपनीला कबूल करावं लागलं. प्रायश्चित्त म्हणून पुढचं वर्षभर ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. लोकांनी बॅटरी बदलली आणि नवा फोन घेतलाच नाही! २ जानेवारी २०१९ला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या कमाईचा अंदाज ८४ अब्ज डॉलरपर्यंत खाली आणला. मुख्य कारण चीनचं होतं, पण त्या यादीत ही स्वस्त बॅटरीही होती. वस्तू टिकली म्हणून विक्री घटली. आमच्या सांगलीत याला चांगली वस्तू म्हणायचे.

इथे एक प्रामाणिक तळटीप द्यायला हवी. जपानात आयफोन इतका पसरला तो जपानी लोकांच्या साध्या राहणीमुळे नव्हे. २००८मध्ये सॉफ्टबँक या मोबाईल कंपनीनं तो आणला आणि जवळपास फुकट वाटला. मग एयू, आणि २०१३मध्ये दोकोमो, या इतर मोबाईल कंपन्याही त्याच रांगेत. तिघांच्या भांडणात गाराकेई, म्हणजे जुने बटणांचे जपानी फोन, मागे पडले. ऑक्टोबर २०१९मध्ये कायदा बदलून ही खैरात आवरली, तोवर अर्धा देश आयफोनवर होता. म्हणून इथे तो कुणी मिरवत नाही. फुकटात आलेली वस्तू काय मिरवणार? आपल्याकडे २००८च्या ऑगस्टमध्ये तो आला तोच ३१ हजारांना. त्या वर्षी पुण्यात कितीतरी नव्या इंजिनियरांचा महिन्याचा पगार त्याहून कमी होता, माझा धरून. जी वस्तू पहिल्याच दिवसापासून काचेच्या कपाटात ठेवली, तिच्याकडे लोक काचेला नाक लावूनच बघणार.

'इथे कुणी विचारत नाही तुझा फोन कुठला', हे वाक्य मी भारतात गेलो की किमान दोनदा म्हणतो. म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो, शांत देशात राहून आल्यासारखा. ते वाक्य खोटं आहे. माझी मुलगी चुगाक्कोच्या, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेच्या, दुसऱ्या वर्षात आहे. तिला अँड्रॉइड दिला तेव्हा ती काही बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. महिन्याभरानं कळलं की सहलीचे फोटो सगळ्या मुली आयफोनवरून एकमेकींना एअरड्रॉप करतात आणि ही बाजूला उभी राहते. पुढच्या शनिवारी आम्ही योदोबाशी या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होतो.

आणि तिथे मी काय केलं? ४८ हप्ते घेतले. दोन वर्षांनी फोन परत केला तर उरलेले हप्ते माफ, म्हणजे फोन धड आपला नाहीच, भाड्याचा. माझाही तसाच आहे. ईएमआयवर आयफोन घेणाऱ्या भाच्याची बाजू मी ग्रुपवर हिरिरीनं घेतो, पण ही माहिती तिथे कधी दिली नाही. इकडे त्याला प्रोग्रॅम म्हणतात आणि दुकानातली मुलगी वाकून नमस्कार करते. बाकी फरक शून्य.

भाच्याचं निघालंच आहे तर सांगतो. २०१४पासून दर वर्षी गावी जायचं ठरलं की ताईकडून, चुलत्यांकडून, एकदा तर ताईच्या शेजाऱ्यांकडूनही तोच निरोप यायचा : येताना एक आयफोन आण. मी वैतागायचो. पासपोर्टपेक्षा जास्त त्या डब्यांची काळजी. पण २०१९मध्ये भाच्याला आयफोन ११ नेला तेव्हाचा हिशेब मला अजून पाठ आहे. इथे कर धरून ८२ हजार येन, म्हणजे साधारण ५४ हजार रुपये. तिकडे ६४,९००. 'मामानं आणला' या दोन शब्दांत दहा हजारांची बचत आणि बाकी बरंच काही होतं. फक्त एक गोष्ट मी सांगायला विसरलो. जपानात विकलेल्या आयफोनचा कॅमेरा आवाज करतो. चोरून फोटो काढू नयेत म्हणून तेव्हा तो बंद करायची सोयच ठेवलेली नव्हती. इथे आम्हाला तो ऐकूही येत नाही. भाच्यानं वर्गात सरांच्या पाठीमागून फळ्याचा फोटो काढला, कच्याक् झालं, सर वळले. पुढची तीन वर्षं त्याला कॉलेजात सगळे 'जपान' म्हणत.

२०२५च्या ४ सप्टेंबरला पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं. भाचा आता हिंजवडीत आहे. त्यानं १७ तिथूनच घेतला. मी विचारलं, अरे, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "मामा, कशाला उगाच तुला त्रास? सात-आठ हजारांचा तर फरक. त्यातले बरेचसे बँक परत देते. आणि तुझा तो आवाज करतो." त्याचं सगळं बरोबर होतं. मी आकडेमोड पुन्हा करून पाहिली. इथे १,२९,८०० येन, तिकडे ८२,९०० रुपये. मी २०१२मध्ये आलो तेव्हा एका येनला ६५-७० पैसे यायचे, या दिवाळीला ५८. पगाराचा आकडा वाढला, पण तो गावी पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी आक्रसतो. आणि जो फोन मी परदेशातून नेत होतो तो आता श्रीपेरुंबुदूरला आणि कोलारजवळ नरसापूरला जोडला जातो, तिथून परदेशी जातो. उद्या मी इथून नेलेल्या डब्यावर भारतात जोडल्याचा शिक्का निघाला तर दाजी काय म्हणतील, ते मला इथे बसून ऐकू येतंय.

गेल्या दोन फेऱ्यांत मला कुणी काही आणायला सांगितलं नाही. बॅगेत जागा उरते म्हणून मी किटकॅटचे माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या चवीचे, पुडे भरतो. ते ताई शेजारी वाटून टाकते. मागणी घटल्याची बातमी मला का झोंबली, हे मला ओतेमाचीला उतरतानाच कळलं होतं बहुतेक. म्हणून तर उत्तर पुन्हा पुन्हा खोडत होतो. एका भाच्याकडे परक्या देशातल्या मामाला सांगायला काम उरू नये, एवढीशी गोष्ट. ती काही ॲपलच्या ताळेबंदात येत नाही. आणि दाजींना ती सांगायची तर मला आधी कबूल करावं लागेल की ते डबे न्यायला मला आवडत होतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा, ताई पाटासमोर. फोन दाजींनी धरलेला, त्यांचा चौदा हजारांचा, आणि चित्र माझ्या फोनपेक्षा काही वाईट नव्हतं. ताईनं स्क्रीनलाच ओवाळलं. ती मला भडंग पाठवू का विचारत होती, मी नको म्हणत होतो, मग पाठव म्हणालो. दाजींनी आयफोनचा विषय काढला. मी म्हटलं, "होय दाजी, दिसतंय खरं तसं."

"बघ, म्हटलं नव्हतं?" दाजी खूश.

मग ताई म्हणाली, थांब, तबकाचा फोटो काढते ग्रुपवर टाकायला. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. कोपऱ्यात तडा गेलेला, मागे लक्ष्मीचा स्टिकर. भाच्याचा तो जुना ११. बॅटरी एकदा बदललीय म्हणाली, बाकी अजून झकास चालतो. त्या वर्षीचं नवं सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर येतं, हे मला माहीत होतं. तिला सांगितलं नाही. ती निरांजनावर वाकली, चष्मा वर केला.

कच्याक्.

"ह्याचा हा आवाज तेवढा कसा घालवायचा रे?" ताईनं विचारलं.