‘सह्या पसरल्या, तीन हजार पाण्यात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

लग्नात पाहुण्यांनी सह्या करण्यासाठी आमच्याकडून करून घेतलेल्या मोठ्या फोटोबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली तीन तक्रारी: पाहुण्यांच्या सह्या पसरल्या, फ्रेमची काच फोटोला चिकटली, आणि ‘कागदच हलका वापरला, तीन हजार पाण्यात गेले, यापेक्षा साधी वही ठेवली असती’. लग्नाची आठवण अशी खराब झाली याचं आम्हालाही वाईट वाटतं. झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा असावी. पण लग्नसराई तोंडावर आली आहे आणि ‘हलका कागद’ हे शब्द इथे सगळे वाचतात, म्हणून कागदाचं नीट सांगावं लागतंय.

तुमचा प्रिंट १६ बाय २४ इंची, लॅबमधला, ग्लॉसी. या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि वर जिलेटिनचा, ज्यात फोटो उमटतो. लग्नाचे फोटो वर्षानुवर्षं याच जातीच्या कागदावर निघत आले आहेत, तो हलका नाही. मात्र वहीच्या पानासारखी शाई त्यात मुरत नाही. जेल पेनची शाई पाण्याची. ती वरच बसून राहते, खालचं जिलेटिन ओल धरून चिकट होतं, आणि पुढच्या पाहुण्याचा तळहात फिरला की फराटा उठतो. बॉलपेनचं तर विचारूच नका. नीट उमटत नाही म्हणून माणूस जोर देतो, आणि शाई पुसली गेली तरी रेघेचा खड्डा तसाच राहतो.

ऑर्डर घेतानाच आम्ही मॅट कागद आणि भोवती माउंट सुचवलं होतं. मध्ये १२ बाय १८ चा फोटो, बाहेरून १८ बाय २४ चा पांढरा पुठ्ठा, चारी बाजूंना ३ इंचांची पट्टी, सह्या फक्त पट्टीवर. पुठ्ठा शाई पितो, त्यामुळे साधं पिगमेंट पेनही (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) चालतं. त्यावर तुम्ही म्हणालात की फोटो लहान दिसतो, फोटोतल्या संध्याकाळच्या आकाशातच सह्या हव्यात आणि चमक हवीच. आवड तुमची, आम्ही तसं करून दिलं. म्हणूनच तर सोबत चार ऑइल पेंट मार्कर दिले, दोन पांढरे आणि दोन सोनेरी. गडद आकाशावर तेच उठून दिसतात आणि ग्लॉसीवर तेच धरतात. डब्यावर चिठ्ठीही होती: टोपण लावून मार्कर हलवा, निब आधी रद्दी कागदावर दाबून शाई उतरवा, फोटोवर दाबू नका (थेंब पडतो), सही झाल्यावर निदान पाच मिनिटं तिथे हात नको, आणि टोपण लगेच लावा.

आता तुम्हीच रिव्ह्यूला जोडलेला फोटो मोठा करून पाहा. पसरलेली प्रत्येक सही निळी आहे. आम्ही दिलेल्या मार्करमध्ये निळा नव्हताच. तुमच्या दुसऱ्या फोटोत स्टँडला लागूनच आहेराचं टेबल दिसतं, वहीवर निळी जेल पेनं पडलेली आहेत. कोणी मुद्दाम केलं असं आमचं म्हणणं नाही. आहेर लिहून झाला की माणूस हातातल्याच पेनने सही करतो, हे अगदी साहजिक आहे. पण पांढऱ्या-सोनेरी सह्या त्याच कागदावर खणखणीत आहेत, हेही त्याच फोटोत दिसतं, ते मात्र रिव्ह्यूत आलं नाही. खालच्या कोपऱ्यातले गुलाबी ठिपके कुंकवाच्या ओल्या अक्षतांचे आहेत, छपाईचे नव्हेत.

काचेचं म्हणाल, तर फ्रेम आमच्याकडे झालेली नाही. लग्नाच्या रात्रीच फ्रेम करून घेतल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. मार्कर वरून कोरडा वाटला तरी पूर्ण सुकायला एक दिवस द्यावा, आणि काच व फोटो यांच्यात ३ मिलिमीटरची पट्टी घालून फट ठेवावी. काच थेट टेकली की दमट हवेत जिलेटिन तिला धरतं. हे फ्रेमवाल्याने सांगायला हवं होतं. आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही सांगितलं असतं.

तीन हजारांचा हिशोब: प्रिंट ९००, नावं-तारीख घालून फोटोवरचं काम ४००, ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ बोर्डवर) चिकटवणं ६००, मार्कर ६००, स्टँडचं दोन दिवसांचं भाडं ५००. स्टँड अजून तुमच्याकडेच आहे. त्याचं जादा भाडं आम्ही मागितलेलं नाही.

वहीबद्दल म्हणाल, तर ती कधीही चांगलीच. पण फोटोच हवा असेल आणि पाहुणे तीन-चारशे असतील, तर एका फ्रेमवर सगळे मावत नाहीत. ३ इंची पट्टीचं क्षेत्रफळ २१६ चौरस इंच. एका सहीला दोन चौरस इंच धरले तरी शंभराच्या आसपास, आणि पहिले दहा-बारा जण ऐसपैस लिहितात म्हणून प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी. तिथे घरटी एक सही ठेवावी, नाहीतर ४ बाय ६ ची फोटोकार्डं करावीत: ३०० जीएसएमचा जाड कागद, पुढे फोटो, मागची बाजू कोरी आणि कोटिंग नसलेली. तिच्यावर कोणतंही पेन चालतं, आहेराच्या टेबलावरचंसुद्धा. लिहून झालं की कार्ड पेटीत टाकायचं आणि नंतर खिशांच्या अल्बममध्ये लावायचं. फोटोच्या जिगसॉचे तुकडेही लोक मागतात, पण गर्दीत दोन-चार तुकडे लहान मुलांच्या खिशात जातात, म्हणून आम्ही ते सहसा सुचवत नाही.

आता तुमच्या फ्रेमचं. काच ओढू नका, वरचा थर सोलून येईल. हेअर ड्रायर लावू नका. इंटरनेटवर पाण्यात भिजवायला सांगतात, तेही नको, निळ्या सह्या धुऊन जातील. फ्रेम आहे तशी घेऊन या. काचेवरूनच, दोन बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून, काचेची चमक घालवणारा फिल्टर वापरून कॅमेऱ्याने कॉपी काढतो, फराटे जमतील तेवढे साफ करतो आणि मॅटवर नवा प्रिंट देतो. जी सही आत्ता वाचता येत नाही, ती तेव्हाही येणार नाही, हे आधीच सांगतो. मजुरी घेणार नाही, प्रिंटचे ९०० तेवढे द्यावे लागतील. डब्यावरची चिठ्ठीही मोठ्या अक्षरात करायला घेतली आहे, बाकी काही सुधारता येईल ते बघतोच आहोत.

सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी अकरानंतर या, आणि येताना स्टँड घेऊन या.