महाराज, डी. (1290)

पीएचडीला सहा वर्षं लागली असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे पाच वर्षं पीएचडीला लागली आणि एक वर्ष नुसतं रेफरन्सेसला. विषय पंढरपूरची वारी, प्रबंध इंग्रजीत, गाइड मॅडम कडक, आणि मी असा माणूस की पहिली चार वर्षं सगळे संदर्भ एका दोनशे पानी वहीत वाण्याच्या यादीसारखे लिहीत बसलो. त्या वहीत एके ठिकाणी नुसतं "ते निळं पुस्तक, पान 84" असं लिहिलंय. ते निळं पुस्तक मला आजतागायत सापडलेलं नाही.

शेवटी डिपार्टमेंटमधल्या एका ज्युनियर पोरीला दया आली. म्हणाली दादा, झोटेरो टाका, फुकट आहे. मला आधी वाटलं पास्त्यावरचा सॉस असेल. पण नाही, 2006 साली अमेरिकेत, जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्या मंडळींनी काढलेलं, संदर्भ सांभाळून त्यांची यादी करून देणारं सॉफ्टवेअर आहे आणि नाव अल्बेनियन शब्दावरून घेतलंय, अर्थ म्हणे प्रभुत्व मिळवणे. कुणी कुणावर, ते सांगितलेलं नाही.

सुरुवात झकास झाली हो. इरावती कर्व्यांचा वारीवरचा 1962 चा लेख, जर्नल ऑफ एशियन स्टडीजमधला, एक क्लिक केलं तर नाव, साल, खंड 22, पानं, सगळं आपोआप आत. मला भरून आलं. मग मी हुरळून माझ्याकडची सगळी मराठी स्कॅन केलेली पीडीएफ एकदम ओतली आणि तिथे गाडी घसरली. कारण अशा फाइलमध्ये सॉफ्टवेअर बिचारं वाचणार काय, जे आत असेल तेच दाखवणार. एका पेपरचा लेखक निघाला ॲडमिन. दुसऱ्याचा एचपी. तिसऱ्याचं शीर्षक "मायक्रोसॉफ्ट वर्ड - चॅप्टर 3 फायनल न्यू". आणि गंमत बघा, माझ्या सबंध यादीत ज्याची माहिती ग्रंथाच्या आतच धड दिलेली होती असा ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी! शेवटच्या ओव्यांत शके 1212 दिलंय, गोदावरीकाठचं ठिकाण दिलंय, राज्य कोणाचं ते दिलंय, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, त्यांचंही नाव दिलंय. सातशे वर्षांपूर्वी मेटाडेटा, म्हणजे ग्रंथाची कुंडली, चोख आणि परवाच्या पीडीएफचा लेखक ॲडमिन.

माहिती हाताने भरायला घेतली तर नवीनच भानगडी. इरावती कधी व्हीने तर कधी डब्ल्यूने, म्हणून कर्वे दोन झाल्या. रा. चिं. ढेरे तर चार झाले, कारण एकदा मी आर. सी. लिहिलं, एकदा रामचंद्र, एकदा रामचंद्र चिंतामण आणि एकदा घाईत देवनागरीत. शिवाय प्रकाशनाचं ठिकाण म्हणून शंभरेक नोंदींत मी हाताने पुणे भरलं, कुठे पुणे कुठे पूना, ते सगळं एकसारखं करायला दोन रात्री घालवल्या आणि तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या की एपीएच्या, म्हणजे संदर्भ कसे लिहायचे त्याच्या ठरलेल्या नियमावलीच्या, सातव्या आवृत्तीत गावाचं नाव लागतच नाही, 2019 लाच काढलंय. पुण्याची गरज नाही असं कुणी इतक्या सहज ठरवू शकतं हे मला पुण्यात राहून माहीत नव्हतं.

पण खरा घोळ झाला तो माउलींचा. नावाला दोन चौकोन, एक आडनावाचा एक नावाचा. आता माउलींचं आडनाव काय टाकणार? मी रात्री दीड वाजता डोळ्यावर झोप असताना एका चौकोनात ज्ञानेश्वर लिहिलं, दुसऱ्यात महाराज. तुकोबांचंही तसंच. एपीएने त्याचं नियमाप्रमाणे करायचं ते केलं. यादीत आलं, "महाराज, डी. (1290)". आणि एका आडनावाचे दोन लेखक असले की मजकुरात इनिशियल लावायचं असाही नियम आहे, त्यामुळे पानोपानी डी. महाराज आणि टी. महाराज, जसे काही दोघे एकाच बँकेत क्लार्क आहेत.

मॅडमनी लाल अक्षरात लिहिलं, "हे डी. महाराज कोण??" मी वर्डमध्ये जाऊन यादीतलं हाताने खोडून नीट केलं. मग एक नवीन संदर्भ घातला, रिफ्रेश दाबलं, झोटेरोने आपल्याकडच्या नोंदींवरून यादी पुन्हा नव्याने तयार केली आणि डी. महाराज परत हजर. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मॅडमचा फोन.

"तुम्ही मुद्दाम करताय का हे?"

"नाही मॅडम, मी काढले होते, ते परत आले."

"कोण परत आले?"

"डी. महाराज."

बराच वेळ पलीकडून आवाजच नाही.

दिवाळीत यादीचं प्रिंटआउट घेऊन गावी गेलो. आमचे बाबा पंचवीसेक वर्षं वारी करतात, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचतात. चष्मा वर करून म्हणाले, "हे डी महाराज कुठल्या फडावरचे रे?" मी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते तुळशीच्या माळेला हात लावून बसले. मग आईच म्हणाली, अरे तुकोबांना आडनाव आहे की, मोरे. म्हटलं बरोबर, आणि माउलींचं घराणं आपेगावच्या कुलकर्ण्यांचं. मी मनातल्या मनात लिहून बघितलं, "कुलकर्णी, डी." हे तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले! खोडलं.

परत आल्यावर त्याच ज्युनियरला विचारलं. तिने नावाच्या शेजारचं एवढंसं बटण दाबलं, दोन चौकोनांचा एक झाला, त्यात नुसतं ज्ञानेश्वर टाइप केलं. चार सेकंद. एक वर्ष ते बटण माझ्यासमोर होतं. रिफ्रेश केलं तर डीमध्ये ढेऱ्यांच्या बरोब्बर खाली माउली येऊन बसले, ना इनिशियल ना काही.

प्रबंध बांधून झाल्यावर पहिली प्रत बाबांना दाखवायला नेली. त्यांनी थेट मागची यादी उघडली, डीवर बोट फिरवत आले आणि थांबले.

"नुसतं ज्ञानेश्वर?" म्हणाले. "तुझ्या वर्गात होते का?"